हाताची लय, भिंतीचा पोत

ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग कलादालनाच्या भिंतीवर नदीचा गाळ तळहाताने लावतात. बोटांच्या खुणा हाच तेथील पोत. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे त्यांच्या कलाकृती डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांसोबत मांडल्या गेल्या. वारली चित्रालाही शेणमातीने सारवलेल्या भिंतीचाच आधार असतो.

बोध असा, की पोताचे सौंदर्य महागड्या रंगापेक्षा हाताच्या लयीत असते. घरात त्यासाठी एकच भिंत निवडावी. ओल असल्यास प्रथम तिचे मूळ शोधून दुरुस्ती करावी. अन्यथा लेप फुगून गळतो व खर्च वाया जातो. कोपऱ्यात लहानसा नमुना करून, तो वाळल्यावर दिवसाच्या व दिव्याच्या उजेडात पाहावा; मगच कारागिरास काम सोपवावे.