वांद्र्याची धावपटू

वसईजवळ सांडोर हे गाव आहे. तेथील वाड्यांतून वाट काढीत वसई रोड स्टेशनात यावे आणि चर्चगेटकडे जाणारी गाडी धरावी. खाडी ओलांडली, की काही वेळाने वांद्रे लागते. सांडोरप्रमाणे वांद्र्यासही ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथेच १९३१ साली मेरी डिसोझा हिचा जन्म झाला.

१९५१ साली दिल्लीस पहिले आशियाई क्रीडासामने भरले. त्यांत २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत मेरीने कांस्यपदक मिळविले. चौघींच्या टप्प्यांच्या शर्यतीत भारतास रौप्यपदक मिळाले, त्या चौघींतही ती होती. पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. मेरीची निवड झाली खरी, पण प्रवासाला पैसा कोठून आणावयाचा? सरकारजवळ तो नव्हता. तेव्हा मित्रमंडळी पुढे सरसावली. त्यांनी नाचाचा कार्यक्रम केला, पत्त्यांचे डाव मांडले आणि पैसा उभा केला. पत्त्यांचे नाव काढताच वडीलधारी माणसे नाक मुरडतात. पण या डावांना कोण नावे ठेवील?

हेलसिंकीस स्वतंत्र भारताच्या चार कन्या प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरल्या. मेरी व निलिमा घोष धावणाऱ्या, तर आरती साहा व डॉली नाझीर पोहणाऱ्या. मेरी १०० आणि २०० मीटर धावली व दोन्ही शर्यतींत पहिल्याच फेरीत मागे पडली. १०० मीटरची शर्यत ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सनने ११.५ सेकंदांत जिंकली. असा वेग आपल्याकडील मुलींनी तोवर पाहिलाही नव्हता.

मेरी हताश झाली नाही. १९५३ साली ती हातात हॉकीची काठी घेऊन भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेली. नंतर १९५४ साली मनिला येथे दुसरे आशियाई सामने झाले. टप्प्यांच्या शर्यतीत चौघींनी प्रत्येकी १०० मीटर धावावयाचे आणि हातातील दांडी धावता धावताच पुढचीच्या हाती द्यावयाची असते. दांडी ठरलेल्या पट्ट्याबाहेर दिली गेली, तर सारा संघ बाद! म्हणून या शर्यतीत नुसता वेग पुरत नाही. मागून येणारीवर विश्वास ठेवून, मान न वळविता हात मागे धरावा लागतो. मेरी, स्टेफी डिसोझा, ख्रिस्टीन ब्राउन आणि व्हायोलेट पीटर्स या चौघींना ते साधले. भारताने सुवर्णपदक जिंकले.

१९५६ साली मेरी पुन्हा हॉकीसाठी ऑस्ट्रेलियास गेली. विवाहानंतर ती मेरी डिसोझा सिक्वेरा झाली आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाली. भारत सरकारने मेरीबाईंना ध्यानचंद पुरस्कार दिला, तो २०१३ साली. त्या वेळी त्यांचे वय ८२ वर्षांचे होते आणि हेलसिंकीच्या त्या धावेला ६१ वर्षे लोटली होती.