ध्वनिमुद्रण : सुरांची साठवण

लिहिलेले अक्षर मागे उरते. गायिलेला सूर मात्र उमटताच हवेत विरून जातो. हजारो वर्षे गायकाचे गाणे त्याच्याबरोबरच संपत आले. १८७७ साली थॉमस एडिसन यांनी फोनोग्राफ हे यंत्र सिद्ध केले, आणि या नियमास प्रथमच अपवाद निर्माण झाला. ध्वनिमुद्रण म्हणजे नेमके काय, त्यासाठी कोणती तयारी लागते, आणि आपल्या सावरगावच्या विद्यार्थ्यांस त्यापासून काय घेता येईल, याचा थोडक्यात विचार आम्ही येथे करणार आहोत.

भारतात तबकड्यांचे युग सुरू झाले ते १९०२ साली. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा विजेचा संबंध नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे आणि त्यास जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेघ कोरीत जाई. ती रेघ म्हणजेच मुद्रित झालेला आवाज! तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. जो राग तासभर आळवावयाचा, त्याचे सार तेवढ्या वेळात सांगावे लागे. गाणे संपताच गौहरजान आपले नाव उच्चारीत. कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तेथील कामगारांस गायिकेची ओळख त्यावरून पटे.

या साधनाचे मोल कळावयाचे असेल तर एकच उदाहरण पुरे आहे. जयपूर घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ साली मुंबईत निवर्तले. त्यांच्या गायकीची थोरवी आपण पुस्तकांतून वाचतो; परंतु त्यांची एकही ध्वनिमुद्रिका आपणांस ऐकावयास मिळत नाही. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्याविषयीही तेच म्हणावे लागते. उलट अल्लादियाखाँच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा स्वर तबकडीवर टिपला गेला. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात धाडली, तेव्हा मानवजातीची ओळख म्हणून त्यांत ठेवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवीतील साडेतीन मिनिटांची चीज घेण्यात आली. आम्हा कोकणी बोलणाऱ्यांस याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. पण त्याबरोबर हेही मनात येते की, शिष्येचा सूर सूर्यमालेच्या पलीकडे निघाला, आणि गुरूंचा सूर मात्र पृथ्वीवरही उरला नाही. मध्ये फरक होता तो केवळ एका तबकडीचा.

१९२५ च्या सुमारास कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. मायक्रोफोन ध्वनीच्या लहरींचे विजेच्या प्रवाहात रूपांतर करतो. त्यामुळे हळुवार आवाज, श्वासाची ये-जा, तानपुऱ्याची आसही टिपणे शक्य झाले. मराठी भावगीताचे कोवळेपण याच साधनामुळे फुलले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि यंत्र कितीही सुधारले, तरी ते न केलेला रियाज मुद्रित करू शकत नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे 'गीतरामायण' हा याचा उत्तम दाखला होय. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, त्याचा आरंभ झाला. योजना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्यास एक नवे गीत; त्या वर्षी अधिक मास आल्याने एकंदर ५६ गीते झाली. गीत लिहून व्हावयाचे, त्यास चाल लागावयाची, गायक-वादकांच्या तालमी व्हावयाच्या आणि ठरलेल्या वेळी ते श्रोत्यांच्या कानी पडावयाचे, हा क्रम वर्षभर चालला. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांचे स्वर त्यास लाभले. प्रभाकर जोग यांचे व्हायोलिन साथीस होते. श्रोत्यास ऐकू येतो एक गायक. पण त्यामागे कितीजणांचे हात राबतात!

आता स्टुडिओत प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर मुद्रित करतात. गायक कानांवर हेडफोन लावून आधी मुद्रित झालेले वाद्य ऐकतो आणि त्यावर गातो. मग सर्व पट्ट्यांचा मेळ घालतात. ध्वनी आता आकड्यांत साठविला जातो. माणसाचा कान सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. तो हुबेहूब टिपण्यास त्याच्या दुपटीहून अधिक नोंदी लागतात. म्हणून कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० नोंदी घेतल्या जातात.

विद्यार्थी मित्रहो, असे टिपून घेणारे साधन आज घरोघरच्या मोबाइलमध्ये आहे. ते वापरण्याची रीत मात्र शिकावी लागते. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतींवर गोधड्या टांगाव्यात. गाणारी व्यक्ती मायक्रोफोनपासून हात-दीड हातावर, हार्मोनियम त्यामागे आणि ढोलकी त्याहून दूर असावी. प्रथम थोडे मुद्रण करून ऐकावे. आवाज फाटत असेल तर अंतर वाढवावे; कारण एकदा फाटलेला आवाज मागाहून पुरता सुधारता येत नाही. आरंभी आणि शेवटी काही क्षण शांतता ठेवावी. आणि गौहरजानप्रमाणे गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख मुद्रणातच बोलून ठेवावी.

काय मुद्रित करावे, हा प्रश्न आपणांस पडू नये. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, भजनी मंडळातील जुन्या चाली हे या मुलखाचे धन आहे. यांतील कितीतरी केवळ वृद्धांच्या कंठात उरले आहे. जाती थांबली, तशा ओव्याही थांबत चालल्या. आजीची परवानगी घ्यावी, तिच्या सवडीने बसावे, ती अडखळली तर घाई करू नये. आणि झालेल्या मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

थोर गवयांचे सूर हरपले याची हळहळ आपण करतो. आपल्या ओसरीवरील सुरांविषयी तशी हळहळ पुढच्या पिढीवर येऊ नये, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे. या दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने घरातील एक तरी गाणे असे जतन करावे, अशी आमची इच्छा आहे.