हिमाचा अंदाज : आशा आणि शंका

ब्रिटनमधील हवामानाचे हौशी अभ्यासक हिवाळ्यात उत्तर ध्रुवावरील स्थितांबराकडे डोळे लावून बसतात. सुमारे ३० किलोमीटर उंचीवरची तेथील हवा काही दिवसांत एकाएकी तापली, की ध्रुवीय भोवरा विस्कटतो. मग पश्चिमेचे सौम्य वारे मंदावून पूर्वेची गोठवणारी हवा येण्याचा संभव वाढतो. येथे मी दोन हिवाळे शेजारी ठेवतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये भोवरा फुटला आणि महिनाअखेरीस ब्रिटनमध्ये मोठी हिमवृष्टी झाली. जानेवारी २०१९ मध्ये तो पुन्हा फुटला. आशा उंचावल्या. थोडे हिम पडलेही. पण २६ फेब्रुवारीला लंडनच्या क्यू उद्यानात पारा २१.२ अंशांवर गेला! तात्पर्य, पूर्वचिन्ह ही शक्यता असते, शाश्वती नव्हे. आशा जरूर धरावी. मात्र अंदाजासोबत शंकेचे मापही सांगावे, असे मला वाटते.