यंत्रबुद्धीच्या मदतनिसास परवानगी देताना घ्यावयाची काळजी

हडपसरच्या मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून इ. स. २००० च्या सुमारास तेथे स्वतःच नगर वसविण्यास प्रारंभ केला. जमीन एकत्र झाली तरी प्रत्येक कुटुंबाचा हिस्सा जमिनीच्या प्रमाणात भागभांडवलाच्या रूपाने कायम राहिला. आज त्याच नगरात संगणक कंपन्यांची मोठी कार्यालये आहेत. काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे, परंतु कोणाचा अधिकार किती, हे आधी कागदावर ठरवून घ्यावे, हा या व्यवहाराचा धडा होय. शेतकऱ्यांच्या भ्रमणध्वनीत आता येऊ लागलेल्या ‘एआय एजंट’ या मदतनिसालाही तो तंतोतंत लागू पडतो.

एजंट म्हणजे काय?

साधे ॲप विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन थांबते. एजंट त्यापुढे जाऊन मालकाच्या वतीने कामही करतो. तो टपाल वाचतो, हिशेबाच्या तक्त्यात नोंद करतो, खरेदीदारास निरोप धाडतो. यासाठी त्याला टपाल, तक्ता, बँक इत्यादी निरनिराळ्या प्रणालींशी जोडावे लागते. जोडणीच्या वेळी पडद्यावर परवानगीची यादी येते. पुष्कळ जण ती न वाचताच ‘मान्य’ हे बटण दाबतात. नुकसानीची सुरुवात येथेच होते.

परवानगीचे तीन प्रकार

मुखत्यारपत्राचा व्यवहार खेड्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. खास मुखत्यारपत्राने एकच काम सोपविले जाते, आम मुखत्यारपत्राने सर्व कारभार हाती जातो. एजंटास शक्यतो खास मुखत्यारपत्रच द्यावे. परवानग्या सामान्यतः तीन प्रकारच्या असतात :

(१) पाहण्याची – माहिती वाचता येते, बदलता येत नाही.
(२) लिहिण्याची – नोंद करता येते, बदलता येते, कित्येकदा पुसताही येते.
(३) व्यवहाराची – निरोप पाठविणे, मागणी नोंदविणे, पैसे देणे.

पहिल्या प्रकाराने काम भागत असेल तर दुसरा देऊ नये. तिसरा द्यावाच लागला, तर प्रत्येक व्यवहारापूर्वी मालकाची संमती विचारली जाईल अशी सोय चालू ठेवावी.

जोडणी कोणाच्या नावाने?

मांजरीच्या उपबाजारात माल नेणारा बारा भाजीपाला उत्पादकांचा एखादा गट डोळ्यांसमोर आणावा. गटाचा हिशेब चिटणिसाच्या खात्यात आहे. चिटणिसाने स्वतःच्या खात्याने एजंट जोडला व तो सर्व सभासदांस वापरावयास दिला. आता कोणत्याही सभासदाने विचारले, तर एजंट चिटणिसाच्या अधिकाराने दप्तर उघडतो. कोणी किती उचल घेतली, कोणाचा बँक खाते क्रमांक काय, हे सर्वांस कळू शकते. एजंटाने येथे काहीच चोरलेले नाही. परवानगी देण्याची रीतच चुकली. यावर उपाय असा की प्रत्येक सभासदाने आपापल्या खात्याने जोडणी करावी, अथवा सामायिक एजंटास केवळ सर्वांनी पाहावयाचा तक्ताच जोडून द्यावा.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. एजंट जे टपाल वाचतो त्यातच कोणी लबाडाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यात भरावी’ असे लिहिले, तर एजंट त्यालाच मालकाची आज्ञा समजण्याचा संभव असतो. म्हणून परक्याचे टपाल वाचणाऱ्या एजंटाच्या हाती पैसे देण्याचा अधिकार ठेवू नये.

परवानगी देण्याची रीत

१. प्रथम काम एका वाक्यात लिहावे. उदा., ‘रोजचा बाजारभाव तक्त्यात भरणे.’
२. त्या कामास लागणारीच प्रणाली जोडावी.
३. यादीतील प्रत्येक ओळ वाचावी. न समजल्यास जाणत्यास विचारावे.
४. पासवर्ड व ओटीपी एजंटास कधीही लिहून देऊ नयेत. योग्य जोडणीत प्रणाली स्वतःच्या पानावर ओळख पटविते व एजंटास केवळ मर्यादित पास देते.
५. आरंभी आठ दिवस केवळ पाहण्याची परवानगी देऊन काम तपासावे.
६. जोडणी कोणी, केव्हा व कशासाठी दिली, याची नोंद गटाच्या वहीत ठेवावी.

परवानगी काढून घेणे

ॲप काढून टाकल्याने परवानगी रद्द होतेच असे नाही. मूळ खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपांची यादी असते. तेथे जाऊन जोडणी तोडावी. चिटणीस बदलला की ही यादी प्रथम तपासावी. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, हे तत्त्व भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने स्वीकारले आहे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला. हा क्रमांक जमिनीच्या नोंदीशी निगडित असल्याने त्याची जपणूक सातबाऱ्याइतकीच महत्त्वाची आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याच्या वतीने स्वतः ‘मान्य’ दाबू नये. यादी वाचून दाखवावी व बटण त्यालाच दाबू द्यावे. गड्याला मळ्याची किल्ली देणारा शेतकरी तिजोरीची किल्ली कमरेलाच ठेवतो. हाच विवेक या नव्या गड्याच्या बाबतीतही राखला, तर त्याच्यापासून श्रम वाचतील आणि घरचा कारभार घरच्यांच्याच हाती राहील.