यंत्रणा कोसळते तेव्हा सेवकाने काय करावे?



आपल्यापैकी कोणी एसटीत आहेत, कोणी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका, कोणी आशाताई, कोणी वायरमन. लोकांना सरकार दिसते ते यांच्याच रूपाने. म्हणून वर काही चुकले की पहिला राग यांच्यावर निघतो.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाड विसरलेले नाही. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटी गाड्या प्रवासी आणि चालक-वाहकांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी होऊन पूल सुरक्षित ठरला होता. चालक गाडी सांभाळतो. पूल तपासणे त्याच्या हाती नसते. त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. रस्ते बंद होते; बचाव पथक पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर गावकऱ्यांनीच माती उपसली.

योग्य काय ते कळते, पण यंत्रणेमुळे करता येत नाही. या दुखण्याला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांविषयी लिहिताना ‘नैतिक क्लेश’ असे नाव दिले. हा दुबळेपणा नव्हे. ज्याचा विवेक जागा आहे, त्यालाच तो होतो. अशा वेळी आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

१) वाटणी करा. माझ्या हातात काय होते आणि काय नव्हते, हे वेगळे मांडा. पहिल्याचा हिशेब प्रामाणिकपणे द्या. दुसऱ्याचे ओझे माथी घेऊ नका. मात्र ‘माझ्या हातात नाही’ ही पळवाटही होऊ नये. कळवणे बहुधा हातात असतेच.

२) लेखी कळवा. तोंडी तक्रार हवेत विरते. अर्जावर तारीख घाला, आवक क्रमांक घ्या, पोच जपून ठेवा. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्यतः ३० दिवसांत माहिती मागता येते. हा अर्ज गावाने करावा. नोकरी पणाला लावायला सेवकाला एकटे पुढे करू नये.

३) एकट्याने वाहू नका. लोकांचा भार असह्य झाल्याचे मोशेने देवाला स्पष्ट सांगितले. देवाने त्याला दोष दिला नाही; भार वाटून घ्यायला सत्तर वडीलधारे दिले.

मननासाठी प्रश्न: गेल्या पावसाळ्यात आपल्या दारी आलेल्या वायरमनला, आशाताईंना आपण काय दिले? शिव्या, की घोटभर चहा आणि अर्जावर आपली सही?