प्लास्टिकचा सांगाडा



आपला भंडारा जिल्हा झाडीपट्टीत मोडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगलाच्या व धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर धान घरात आले, की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

अशी नाटके पाहून आमच्या शाळेतील मुलांनाही हुरूप आला. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी एका भोंदू बाबाची नाटिका बसवली. बाबा अंधाऱ्या खोलीत सांगाडा दाखवतो आणि घाबरलेल्या लोकांकडून पैसे उकळतो. शेवटी एक मुलगी दिवा लावते आणि बाबाचे बिंग फुटते.

सांगाड्यासाठी आम्ही बाजारातून स्वस्तातला प्लास्टिकचा सांगाडा आणला. तो पांढराशुभ्र आणि चकचकीत होता. त्याला पाहताच एक मुलगा म्हणाला, "सर, हा तर आत्ताच आंघोळ करून आलाय!" सगळा वर्ग हसला. पण मी विचारात पडलो. प्रेक्षकही असेच हसले, तर बाबाला लोक का घाबरतात, हे कोणाला पटेल? फसवणूक खरी वाटली, तरच ती उघडी पडण्यात अर्थ आहे.

मग आम्ही विज्ञानाचे पुस्तक उघडले. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. कवटीला नाकाच्या जागी भोक दिसते, कारण नाकाचे टोक हाडाचे नसून कूर्चेचे असते. हाड चुन्यासारखे पांढरे नसते. ते पिवळसर असते आणि मातीत राहिले, तर मातीचा रंग घेते.

आता आम्ही कामाला लागलो. तुम्हीही असा सांगाडा करू शकता. कृती नीट वाचा.

प्रथम जुनी वर्तमानपत्रे अंथरा. बारीक पॉलिश पेपरने सांगाडा हलक्या हाताने घासा. चकाकी गेली, की डिंक व रंग चांगला धरतो. नंतर एका वाटीत पांढरा डिंक आणि तेवढेच पाणी एकत्र करा. पातळ टिश्यू कागदाच्या पट्ट्या फाडा, डिंकात भिजवा आणि हाडांवर चिकटवा. कागदाला सुरकुत्या पडल्या, तर पडू द्या. त्यांमुळेच हाड जुने दिसते. सांध्यांवरचे स्क्रू कापसाने झाका. मग सांगाडा रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी दाट, बिनदुधाचा, थंड झालेला चहा ब्रशने लावा. नुसत्या प्लास्टिकवरून चहा ओघळून जातो, पण कागद तो शोषून घेतो. चहा वाळल्यावर तपकिरी रंग पाण्यात पातळ करून सगळीकडे लावा आणि लगेच फडक्याने पुसा. उंच भागावरचा रंग निघून येतो. डोळ्यांच्या खोबणीत आणि बरगड्यांच्या मध्ये तो राहतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कपाळावर, गालांच्या हाडांवर आणि गुडघ्यांवर थोडा पिवळसर रंग फिरवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लास्टिक वितळवण्यासाठी मेणबत्ती किंवा स्टोव्ह वापरू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि हातही भाजतो.

आमचा सांगाडा तयार झाला. संध्याकाळी आम्ही खालून दिवा लावून पाहिला. सावल्या वर चढल्या आणि आम्हीच दोन पावले मागे सरलो! तेवढ्यात दारातून किंकाळी आली. तिसरीतला एक लहान मुलगा आत डोकावला होता. तो रडत घरी पळाला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आलाच नाही.

मुलांचे चेहरे उतरले. आपल्या नाटिकेतला बाबा करतो, तेच आपल्या हातून घडले होते. शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या अम्मीची परवानगी घेऊन त्याला दिवसाउजेडी शाळेत आणले. आधी तो जवळ येईना. मग एका मुलाने सांगाड्याच्या पायावरचा कागद थोडा सोलून दाखवला. आतून पांढरे प्लास्टिक दिसले. छोट्याने हळूच बोट लावले आणि विचारले, "इसको चाय किसने पिलाई?" सगळे हसले. सोललेल्या जागी नवा कागद त्यानेच चिकटवला.

मित्रांनो, अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन साजरा होतो. तेव्हा लोक घरापुढे असे सांगाडे टांगतात. तिथे ही गंमत असते, कारण सांगाडा खोटा आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण भीती दाखवून कोणी पैसे मागितले, तर ती गंमत राहत नाही. असे प्रकार थांबवण्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भीती घालवायची असेल, तर दिवा लावा, जवळ जा आणि वस्तू कशाची बनली आहे ते पाहा.

शब्दार्थ
सांगाडा – ढांचा. कवटी – खोपडी. बरगडी – पसली. कूर्चा – नरम हड्डी. भोंदू – ढोंगी. बिंग फुटणे – पोल खुलना. हुरूप – जोश.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम केव्हा सुरू होतो?
(आ) कवटीला नाकाच्या जागी भोक का दिसते?
२. कारण सांगा : चहा लावण्याआधी कागद चिकटवावा लागतो.
३. 'घासा', 'भिजवा' यांसारखी पाठातील आणखी पाच आज्ञार्थी क्रियापदे लिहा.
४. तुम्हांला कशाची भीती वाटत होती? ती कशी गेली? पाच ओळी लिहा.