अभ्यासपाठ : जनावराचे वर्णन नेमक्या शब्दांत

पाठाचा हेतू : आपल्या गोठ्यातील जनावराचे वर्णन पशुवैद्यक, विमा प्रतिनिधी आणि गिऱ्हाईक या तिघांनाही सारखेच कळावे.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि पलीकडच्या अकोले तालुक्यात आपली डांगी जनावरे आहेत. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, तेलकट कातडी आणि काळे टणक खूर ही त्यांची खूण. म्हणूनच मुसळधार पावसात, भाताच्या चिखलात ती टिकतात. तरीही जात विचारली की आपण सहज ‘गावठी’ असे सांगून मोकळे होतो.

यात नुकसान कोणते? 2019 च्या 20व्या पशुगणनेत जनावरांची जातीनिहाय नोंद झाली. ‘गावठी’ लिहिलेला बैल डांगीच्या आकड्यात येत नाही. जात जपण्याच्या योजना अशाच आकड्यांवर आखल्या जातात. शब्द चुकला, की गोठ्यात असलेली जात कागदावर कमी होते.

ठरलेले शब्द का हवेत?

करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशी जातींची नोंदणी करतो. त्यासाठी रंग, शिंगे, उंची, दूध, कामाचा उपयोग आणि पाळण्याची पद्धत अशी माहिती लागते. फ्रान्समधील कृषी संशोधन संस्थेने तर दोन शब्दसूची तयार केल्या आहेत : जनावरांच्या गुणांसाठी ‘ॲटोल’ आणि ती राहतात त्या परिस्थितीसाठी ‘ईओएल’. एका गुणाला एकच नाव आणि एकच अर्थ, हा त्यांचा नियम.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. बैलबाजारात ‘आदत’ म्हटले की दुधाचे दात असलेला, ‘दुसा’ म्हणजे दोन कायमचे दात आलेला आणि ‘चौसा’ म्हणजे चार आलेला, हे सगळ्यांना कळते. ‘तरणा’ किंवा ‘चांगला’ या शब्दांनी मात्र वाद होतो.

वर्णन करताना पाच गोष्टी सांगा

1. ओळख : जात, नर की मादी, कानातील बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक.
2. वय : दातांवरून. गाय असेल तर कितवे वेत तेही.
3. रंग व खुणा : नुसते ‘कबरी’ नको. मूळ रंग कोणता, ठिपके कोणते व कुठे, ते सांगा.
4. सध्याची स्थिती : गाभण, दुभती की भाकड. दूध ‘बरं देते’ असे न सांगता सकाळ-संध्याकाळ मोजून लिटरमध्ये सांगा.
5. राहणी : गोठा पक्का की कुडाचा, जमीन कोरडी की ओली, रानात चरते की बांधून असते, चारा कोणता.

पाचवी गोष्ट आपण बहुधा विसरतो. एकच गाय रानात चरताना वेगळे दूध देते आणि नुसत्या पेंढ्यावर वेगळे. राहणी लिहिली नाही, तर कमी दुधाचा दोष उगाच जातीवर येतो.

आजारपणातही हेच लागू आहे. ‘गाय बरी नाही’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘कालपासून चारा सोडला, रवंथ बंद, शेण पातळ’ असे फोनवर सांगितले, तर योग्य औषधे घेऊनच ते पाड्यावर येऊ शकतील.

गटासाठी अभ्यास

एका जनावराचे वर्णन दोघांनी वेगवेगळे लिहावे व गटात वाचावे. जिथे शब्द जुळणार नाहीत, तिथे सर्वांनी मिळून एक शब्द ठरवावा आणि बचत गटाच्या वहीत त्याचा अर्थ लिहून ठेवावा.